विश्रांती आणि मल्टिटास्किंग: ईईजीतला फरक मोजताना नेमकं काय मोजलं जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगापूरच्या नानयांग तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी खुला केलेला 'स्ट्यू' हा ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) डेटा तुम्ही घेतला आहे. त्यात ४८ जणांच्या प्रत्येकी दोन नोंदी आहेत, एक नुसतं बसलेलं असतानाची आणि एक मल्टिटास्किंग करतानाची. या दोन्हींतला फरक कसा मोजायचा, नोंद विश्रांतीची की कामाची हे ओळखणारं तुमचं वर्गीकरणाचं मॉडेल नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता दाखवतंय ती खरी मानायची का, आणि त्यावरून एखाद्या माणसाला मल्टिटास्किंग किती झेपतं हे सांगता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं सरळ उत्तर आधी देते. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा. डोक्याच्या पुढच्या भागात थीटा लहर (४ ते ८ हर्ट्झ) वाढते का आणि मागच्या भागात अल्फा लहर (८ ते १३ हर्ट्झ) घटते का, ते पाहा. लक्ष देऊन काही डोक्यात धरून ठेवावं लागलं की हे दोन बदल होतात, हे अनेक प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मात्र तुमच्या दोन नोंदींमध्ये फक्त मानसिक भार बदललेला नाही. डोळ्यांची हालचाल बदलली, हाताची बदलली, चेहऱ्याच्या स्नायूंचा ताण बदलला, शिवाय एक नोंद आधीची आणि दुसरी नंतरची आहे. यातला प्रत्येक बदल ईईजीत उमटतो. म्हणून फरक सापडणं अजिबात अवघड नाही. सापडलेल्या फरकातला मेंदूचा वाटा किती, हे ठरवण्यात खरं काम आहे.

डेटा कसा गोळा झाला ते आधी नीट डोळ्यांपुढे आणा. माणूस सुरुवातीला तीन मिनिटं डोळे उघडे ठेवून काहीही न करता बसला. मग त्याने सिमकॅप नावाची चाचणी दिली. या चाचणीत पडद्यावरच्या दोन चौकटींची तुलना करून सारख्या गोष्टींवर खूण करत जायचं असतं. त्याच वेळी कानावर प्रश्न पडत असतात, कधी साधं गणित, कधी तुलना, कधी तक्त्यातून माहिती शोधणं. काही प्रश्नांचं उत्तर लगेच द्यायचं नसतं, ठरलेल्या वेळी द्यायचं असतं, त्यामुळे कोपऱ्यातल्या घड्याळावरही लक्ष ठेवावं लागतं. या चाचणीची शेवटची तीन मिनिटं घेतलेली आहेत. दोन्ही नोंदींची सुरुवातीची आणि शेवटची १५ सेकंदं कापल्यावर अडीच-अडीच मिनिटं उरतात. सेकंदाला १२८ नमुने म्हणजे दर चॅनलला (म्हणजे एका इलेक्ट्रोडच्या नोंदीला) १९,२०० आकडे. प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्येकाने आपल्याला किती भार जाणवला ते १ ते ९ मध्ये सांगितलं, पण काही जणांचे हे गुण उपलब्ध नाहीत.

प्रयोग चांगला आहे आणि डेटा उदारपणे सगळ्यांना दिलेला आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. फक्त तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या नाही, हे वापरणाऱ्याने ठरवायचं असतं.

विश्रांतीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक प्रबंधांत ती 'शून्य पातळी' म्हणून गृहीत धरलेली असते. मेंदूला शून्य पातळी नाही. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के आणि विश्रांतीतल्या ऊर्जेत सुमारे २० टक्के. एखादं अवघड काम हाती घेतल्यावर या एकूण खर्चात पडणारी भर अगदी थोडी असते, सहसा ५ टक्क्यांहूनही कमी. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना इथे माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या आलेखांत सगळ्यांत ठळक दिसली ती डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाची लय, तीच आज आपण अल्फा म्हणतो. डोळे उघडले की ती दबते. म्हणजे पहिल्या दिवसापासून ईईजीने विश्रांतीला गप्प दाखवलेलं नाही. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस एमआरआय यंत्रात नुसता पडून असतानाही दोन्ही बाजूंचे हालचालीचे भाग एका लयीत वरखाली होत असतात. २००१ मध्ये मार्कस रायकल यांच्या गटाने 'डीफॉल्ट मोड'ची कल्पना मांडली. काही भाग नुसतं बसल्यावर जास्त सक्रिय असतात आणि बाहेरचं काम सुरू झालं की मागे सरतात. स्वस्थ बसलेला माणूस घरच्या गोष्टी आठवतो, उद्याचं ठरवतो, कंटाळतो, पेंगतो. पेंग आली की अल्फा विरळ होऊन थीटा वाढते, तीच थीटा जी तुम्ही मानसिक भाराची खूण म्हणून मोजणार आहात. जागा आणि आकार वेगळे असतात, पण नुसत्या सरासरी आकड्यात हा फरक बुडून जातो.

आता थीटा. भाराशी जोडलेली थीटा सगळ्यांत स्वच्छ दिसते ती कपाळाच्या वर, बरोबर मध्यरेषेवर, एफझेड या जागी. तिचा उगम मुख्यतः अँटिरियर सिंग्युलेट (मेंदूच्या पुढच्या बाजूला, आत मध्यरेषेजवळचा भाग) आणि त्याच्या शेजारच्या भागात मानला जातो. या डेटासाठी वापरलेल्या हेडसेटवरच्या इलेक्ट्रोडच्या १४ जागा पाहा: एएफ३, एएफ४, एफ३, एफ४, एफ७, एफ८, एफसी५, एफसी६, टी७, टी८, पी७, पी८, ओ१, ओ२. यात मध्यरेषेवरची एकही जागा नाही. एफझेड नाही, सीझेड नाही, पीझेडही नाही. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा सिग्नल जिथे मोजायचा तिथे इलेक्ट्रोडच नाही. एफ३ आणि एफ४ वर त्याचा काही अंश येतो, म्हणून पुढच्या थीटाचा आकडा काढायचा तर या दोघांची सरासरी घ्या. एएफ३ आणि एएफ४ त्यात मिसळू नका, कारण ते डोळ्यांच्या अगदी वर आहेत.

डोळ्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण माझ्या पाहण्यात आलेले सर्वाधिक चुकीचे निष्कर्ष इथूनच निघालेले आहेत. बुबुळाची बाजू डोळ्याच्या मागच्या बाजूच्या तुलनेत विद्युतदृष्ट्या धन असते, त्यामुळे पापणी मिटली किंवा डोळा फिरला की कपाळावरच्या इलेक्ट्रोडना मोठा धक्का बसतो. ईईजी सहसा काही दहा मायक्रोव्होल्टचा, तर पापणीची एक उघडझाप शंभर मायक्रोव्होल्टच्या पुढे जाते. तिची शक्ती (पॉवर) मुख्यतः डेल्टा (४ हर्ट्झच्या खालची) आणि थीटा पट्ट्यांत पडते. पडद्यावर एकटक काम करताना माणूस पापण्या कमी लववतो आणि नुसता बसला की जास्त. म्हणजे न साफ केलेल्या डेटात विश्रांतीची 'थीटा' फुगते आणि खरा फरक झाकला जातो किंवा उलटाच दिसतो. दुसरीकडे, सिमकॅपमध्ये नजर दोन चौकटी आणि घड्याळ यांच्यात सतत फिरते, त्या हालचाली एफ७ आणि एफ८ वर उमटतात. एकाच डेटात डोळ्यांमुळे एक चूक वर नेणारी आणि एक खाली आणणारी, अशा दोन्ही असतात.

यावर आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगवेगळ्या घटकांत सुटे करणारी पद्धत) वापरा, पण दोन्ही नोंदी जोडून एकदाच. विश्रांतीसाठी वेगळं आणि कामासाठी वेगळं आयसीए केलं तर दोन्हींतून काढलेला भाग वेगळा असेल आणि तुम्ही गाळण्यांमधला फरक मोजाल. आधी १ हर्ट्झच्या खालचं गाळा, खराब चॅनल काढा, मग जोडा. १४ चॅनलमधून फार तर १४ घटक मिळतात, त्यामुळे डोळ्यांचे दोन-तीन घटक काढल्यावर फारसं उरत नाही, हे लक्षात ठेवून हात आखडता ठेवा. एमएनई-पायथन किंवा ईईजीलॅब, या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं.

बीटा पट्टीबद्दल (साधारण १३ ते ३० हर्ट्झ) माझं मत कडक आहे. अशा डेटातल्या २० हर्ट्झच्या वरच्या शक्तीवर मेंदूविषयी एकही वाक्य उभारू नका. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते पूर्ण शिथिल करून ईईजी घेतला. तेव्हा दिसलं की डोक्यावरून नोंदल्या जाणाऱ्या २० हर्ट्झच्या वरच्या शक्तीचा बहुतांश भाग स्नायूंचा असतो. अवघड काम करताना आपण कपाळाला आठ्या घालतो, दात आवळतो, मान पुढे काढतो. टी७, टी८, एफ७, एफ८ हे इलेक्ट्रोड कानशिलावरच्या स्नायूंवर किंवा त्यांच्या काठावर बसलेले आहेत. नासाच्या लँग्ली केंद्रात १९९५ मध्ये सुचवलेला 'सहभागाचा निर्देशांक', म्हणजे बीटा भागिले (अल्फा अधिक थीटा), तुमच्या मार्गदर्शकांनी सुचवला असेल तर तो जरूर काढा. पण आवळलेला जबडाही हा निर्देशांक वर नेतो, हे शेजारी लिहा. शिवाय माऊस धरलेला हात हलताना विरुद्ध बाजूच्या हालचालीच्या भागात ८ ते ३० हर्ट्झमधली लय दबते. उजव्या हाताने काम करणाऱ्यांत एफसी५ वरचा काही फरक केवळ त्यामुळे येऊ शकतो.

अल्फा तुलनेने भरवशाची आहे, तरी तिच्यातही नजरेचा वाटा आहे. रिकाम्या भिंतीकडे पाहणारा आणि आकड्यांनी भरलेल्या पडद्यावर शोधाशोध करणारा, यांच्या ओ१ आणि ओ२ वरच्या अल्फात फरक पडणारच. त्यात एक बारकावा आहे. अल्फाचं शिखर प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाचं ९ वर, कुणाचं ११ वर, आणि वयाबरोबर ते हळूहळू खाली सरकतं. म्हणून ठरावीक पट्टीऐवजी विश्रांतीच्या नोंदीतून प्रत्येकाचं शिखर शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हर्ट्झ घ्या.

आकडेमोड साधी ठेवा. दोन सेकंदांचे, अर्ध्याने एकमेकांवर चढलेले तुकडे, वेल्च पद्धत (दर तुकड्यात कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती शक्ती ते काढून सरासरी), म्हणजे अर्ध्या हर्ट्झचं विभाजन मिळतं. शक्तीचा लॉगरिदम घ्या, कारण कच्च्या शक्तीचं वितरण फार तिरकं असतं. मग दर व्यक्तीसाठी काम वजा विश्रांती असा एक आकडा. शेवटी तुमच्याकडे ४८ आकडे हवेत, हजारो तुकडे नव्हेत. एकाच माणसाचे दीडशे तुकडे म्हणजे दीडशे स्वतंत्र पुरावे नसतात. विलकॉक्सनची जोडी-चाचणी पुरेशी आहे. सगळे चॅनल आणि सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम तपासायच्या असतील तर क्लस्टरवर आधारित परम्युटेशन चाचणी घ्या. सरासरीच्या आलेखाबरोबर प्रत्येक माणसाची विश्रांतीपासून कामापर्यंतची रेघ काढा. ४८ पैकी किती रेघा खरोखर वर जातात हे परीक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळलं पाहिजे.

'सापेक्ष शक्ती', म्हणजे एकूण शक्तीतली एका पट्टीची टक्केवारी, वापरताना जपा. भाकरीचा एक वाटा मोठा केला की उरलेले आपोआप लहान होतात, तसं अल्फा घटली की काहीही न घडता थीटाची टक्केवारी वाढलेली दिसते. त्यापेक्षा स्पेक्ट्रमचा (फ्रिक्वेन्सीनुसार शक्तीच्या आलेखाचा) उतरता पाया वेगळा करून त्याच्यावर उठलेली शिखरं मोजणं चांगलं. त्यासाठी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली 'फूफ' ही पद्धत मोफत उपलब्ध आहे. पायाचा उतारच बदलला असेल तर तोही एक निष्कर्ष आहे, तसा लिहा.

आता नव्वद टक्क्यांवरची अचूकता. पहिली शंका तुकड्यांच्या विभागणीची. सगळे तुकडे एकत्र पिसून त्यांतले ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला ठेवले असतील, तर त्याच माणसाचे, त्याच मिनिटाचे, कधी तर एकमेकांवर चढलेले तुकडे दोन्हीकडे गेले आहेत. विभागणी माणसांनुसार करा: ४७ जणांवर शिकवा, ४८व्यावर तपासा, आणि असं सगळ्यांसाठी करा. अचूकता बरीच खाली येईल. तो खाली आलेला आकडाच प्रबंधात लिहा, तो जास्त किमतीचा आहे.

दुसरी शंका वेळेची, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. या डेटात विश्रांती आधी आणि काम नंतर. हेडसेटचे इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फेल्टचे आहेत. ते जसे सुकतात तसा त्वचेशी संपर्क बिघडतो आणि गोंगाट वाढतो. डोकं तापतं, घाम येतो, हेडसेट किंचित सरकतो. मॉडेलला मेंदूबद्दल काहीही न कळता 'ओलं फेल्ट' आणि 'सुकलेलं फेल्ट' ओळखता येतं. हे तपासायला एक सोपी चाचणी करा. फक्त विश्रांतीची नोंद घ्या, तिचे पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा असे दोन वर्ग करा आणि तेच मॉडेल चालवा. इथे मानसिक भारात फरक असण्याचं कारण नाही. तरीही मॉडेलने दोन्ही अर्धे चांगले वेगळे केले, तर ते वेळ शिकतंय. त्याबरोबर आणखी दोन मॉडेल बांधा, एक फक्त पापण्यांच्या उघडझापीवर, दुसरं फक्त कानशिलांवरच्या चॅनलच्या ३० ते ४० हर्ट्झवर. ही दोन्ही तुमच्या मुख्य मॉडेलच्या जवळपास पोचली, तर मुख्य मॉडेलची अचूकता मेंदूची आहे असं म्हणायला आधार उरत नाही.

एवढं करूनही या डेटातून 'मल्टिटास्किंग' वेगळं काढता येत नाही, कारण एकच काम करतानाची नोंद त्यात नाही. विश्रांती विरुद्ध दोन कामं, या फरकात काम करणं आणि दोन कामं एकत्र करणं हे दोन्ही मिसळलेलं आहे. खरा प्रश्न विचारायचा तर पहिलं काम एकटं, दुसरं काम एकटं, दोन्ही एकत्र आणि विश्रांती, असे चार टप्पे लागतात. मग एकत्र कामाची तुलना दोन सुट्या कामांपैकी जड असलेल्याशी करायची. यामागे जुना प्रश्न आहे: मेंदू दोन निर्णय खरोखर एकाच वेळी घेतो, की भराभर आळीपाळीने? टेलफर्ड यांनी १९३१ मध्येच दाखवलं होतं की दोन इशारे फार जवळ आले की दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद लांबतो. २००६ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने एफएमआरआयने कपाळामागच्या एका भागात हा खोळंबा दिसतो असं मांडलं. ईईजीत याच्यासाठी स्पेक्ट्रमपेक्षा पी३०० (इशाऱ्यानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उमटणारी लहर) जास्त बोलका आहे. १९८० च्या आसपास इलिनॉय विद्यापीठात विकन्स, डॉन्चिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुख्य काम अवघड होत गेलं की दुय्यम कामातल्या आवाजाला येणारा पी३०० लहान होत जातो. मुख्य कामाने किती लक्ष खाल्लं, ते दुय्यम कामाच्या लहरीवरून दिसतं. मला ही रचना अजूनही फार सुंदर वाटते.

तुमच्या महाविद्यालयात यंत्र असेल आणि दहा-पंधरा जणांच्या नव्या नोंदी घेता येत असतील तर जरूर घ्या. कामांसाठी नासाची मॅट-बी ही संगणकावरची चाचणीमालिका १९९२ पासून वापरात आहे, तिची 'ओपनमॅटबी' ही मोफत आवृत्ती मिळते आणि तिच्यातली कामं एकेक करून चालू-बंद करता येतात. टप्प्यांचा क्रम प्रत्येकासाठी बदला. विश्रांती सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा घ्या, आणि तेव्हाही पडद्यावर तेच चित्र आणि हातात तोच माऊस राहू द्या. सराव आधी करून घ्या, नाहीतर तुम्ही नवखेपणा मोजाल. येणाऱ्यांना आदल्या रात्री केस धुवायला सांगा, तेल नको. आपल्याकडे हे स्पष्ट सांगावंच लागतं, आणि दाट केसांत भांग पाडून इलेक्ट्रोड बसवायला वेळ राखून ठेवावा लागतो. विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट नोंद सुरू करण्यापूर्वी पडद्यावर पाहा. लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि शक्य असेल तर बॅटरीवरच चालवा. प्रत्येक टप्प्यानंतर नासा-टीएलएक्स या जाणवलेला भार मोजणाऱ्या प्रश्नावलीचे सहा प्रश्न मराठीतून विचारा. आणि संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता पहिल्या नोंदीच्या आधी हवी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, यावरून एका माणसाबद्दल काही सांगता येईल का. या डेटावरून नाही. अल्फाची उंची कवटीच्या जाडीने, वयाने, झोपेने, इलेक्ट्रोडच्या जागेने बदलते. एकाची थीटा दुसऱ्याच्या दुप्पट असली तरी त्यावरून कुणाला जास्त झेपतं हे ठरत नाही. ४८ जणांच्या सरासरीत दिसलेला कल एका माणसावर लावण्यासाठी त्याच माणसाच्या वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदी त्याच्या प्रत्यक्ष कामगिरीशी जुळतात हेही दाखवावं लागतं. मी याबाबत आग्रही आहे, कारण ईईजीवरून माणसाबद्दल निकाल देण्याची घाई आपल्या राज्यात झालेली आहे. २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात ईईजीवर आधारलेली चाचणी दोषी ठरवताना पुरावा म्हणून वापरली गेली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. आज असाच हेडसेट नोकरीच्या मुलाखतीत किंवा वर्गात कुणाच्या डोक्यावर ठेवायला निघालेल्या माणसाच्या हाती तुमचा प्रबंध पडू शकतो. म्हणून निष्कर्षाच्या प्रकरणात हे वाक्य स्वतंत्र परिच्छेद करून लिहा: हे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत, एका व्यक्तीची क्षमता ठरवण्यासाठी ते वापरता येत नाहीत.